चार माळा, सव्वीस मणी

नाक्यावरच्या कारकुनाचा, मोहरिराचा, हात कुंकवाच्या पेटीत कोपरापर्यंत गेला, तेव्हा शरणम्माच्या तोंडचं पाणी पळालं. पेटीत वर कुंकवाच्या पुड्या होत्या, त्याखाली विभूतीचे गोळे, त्याखाली रुद्राक्षाच्या माळा, आणि सगळ्यांत खाली फडक्यात बांधलेली वही. हात वर आला तो वही घेऊनच.

"हे काय?" मोहरिरानं विचारलं.

"वही हाय," शरणम्माचा नवरा कल्याणप्पा म्हणाला. "घरातलीच. बायकू ल्हिती कायबाय."

चिंचेखाली खुर्ची टाकून बसलेल्या अमीनानं मान वर केली. हा पोलीस अमीन नवा होता. नाकाही नवाच. गेल्या वर्षी इथं नुसती चिंच होती, बैल सोडायची जागा. आता चिंचेला दोर बांधून वाट अडवली होती, आणि सोनारीच्या जत्रेला निघालेली प्रत्येक गाडी उपसली जात होती. अठ्ठेचाळीस सालचा चैत्र होता तो. सरहद्दीपलीकडून माणसं येतात, अलीकडची रानारानातून पलीकडं जातात, म्हणून निजामी मुलखाची शीव आवळून धरली होती. नुसतं एक पत्र खिशात सापडलं म्हणून त्यांच्या भूम गावातले दोघे दोन महिने आत होते. आणि ही तर अख्खी वही.

"पढो," अमीन म्हणाला.

मोहरिरानं फडकं सोडलं.

*

शरणम्मा मूळची कानडी शिवेवरच्या गावातली. तिचे वडील वीरभद्रअण्णा मठात पोथी वाचत. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीला अक्षरं शिकवली. पोथीपुरती. लग्न होऊन ती भूमला आली तेव्हा तिच्याजवळ माहेरची दोनच चीजवस्तू होत्या, गळ्यातलं लिंग आणि वाचता येणं. पहिल्याचा सासरी मान होता, दुसऱ्याचा नव्हता.

कल्याणप्पाचा धंदा हळद-कुंकू, विभूती, माळा यांचा. वर्षातले पाच महिने बैलगाडी जत्रेमागून जत्रा फिरायची. बायका गिऱ्हाईक, तेव्हा विकायलाही बाईमाणूस पाहिजे, म्हणून शरणम्मा आणि तिची सासू मल्लम्मा दोघीही गाडीबरोबर असत. आता लिंगपूजा झाल्याशिवाय अन्न नाही, आणि चांगल्या पाण्याशिवाय पूजा नाही. पहिल्याच वर्षी एका आडरानात मुक्काम पडला. सकाळी पाणी मिळेना. मल्लम्मा दुपार कलेपर्यंत उपाशी बसली आणि भरल्या जत्रेत चार बायकांत म्हणाली, "सून आणली का गाडीवरचं वझं आणलं, तेच कळंना मला."

त्या दिवसापासून शरणम्मा पाण्याची टिपणं ठेवू लागली. कुठं विहीर, कुठं झरा, कुठलं पाणी खारट. पण किती लांब ते कसं लिहायचं? आडवाटेला कोसाचे दगड नसतात. गाडीमागून अनवाणी चालताना ती 'ॐ नमः शिवाय' जपत असे, दोन पावलांना एक नाम, एका नामाला एक मणी. मग तेच माप झालं. ह्या ओढ्यापासून त्या वडापर्यंत अकरा माळा. त्या वडापासून पाण्यापर्यंत दोन माळा, चाळीस मणी. सव्वीस वर्षांत तिचं पाऊल बदललं नाही, जपाची लयही बदलली नाही. आकडा एकदा पडला की पुढच्या साली तोच यायचा.

पण पाण्यासाठी हातात घेतलेली पेन्सिल पाण्यापाशी थांबेना. विहिरीशेजारी कोणतं झाड, त्यावर कसली घरटी, तेही उतरायला लागलं. तेरखेड्याकडून येताना बालाघाटाची रांग कुठल्या वळणावर पहिल्यांदा दिसते आणि ऊन चढल्यावर ती कशी पुसट होत जाते. ताक पाजणाऱ्या धनगरणीनं काय विचारलं. तिला वाटायचं, आपण चाललो त्या सगळ्या वाटा एकीला एक जोडून नीट लिहून काढाव्यात. अशा, की उंबऱ्याबाहेर न पडलेल्या बाईनं वाचलं तर तिच्या पायाला माती लागावी.

वाटणं सोपं होतं. घरी परतलं की दळण, पाणी, शेण, सारवण, सासूचे पाय, पुड्या बांधणं. वाक्य सुचायचं ते नेमकं हात पिठात असताना. हात धुवेपर्यंत अर्धं निसटलेलं असायचं. चुलीपुढं गुडघ्यावर वही ठेवून ती दोन ओळी खरडायची आणि तव्यातली भाकरी काळी व्हायची. मल्लम्मा ती भाकरी वर धरून कल्याणप्पाला दाखवायची. "बघ रं. हिच्या वाटा आता भाकरीवर उठाया लागल्या."

कागद तरी कुठला? लढाईच्या दिवसांत कोरा कागद दिसेना. पुड्यांचा गुलाबी कागद कापून, सुईदोऱ्यानं शिवून तिनं वही केली होती. कल्याणप्पा कुरकुरायचा, पण पुड्यांसाठी कागद कापताना चार ताव मुद्दाम वेगळे राहायचे, हेही खरं.

ऐकणारी एकच होती, शेजारची म्हाळसाबाई. तिनं जन्मात भूमची वेस ओलांडली नव्हती. धान्य निवडता निवडता ती म्हणायची, "मग? त्या वळणापुढं काय लागतं गं?"

याच म्हाळसाबाईचा मुलगा बलभीम. त्यानं शाळेवर तिरंगा लावला आणि त्याच्या नावानं वॉरंट निघालं. तो शिवेपलीकडं, लढणाऱ्यांच्या छावणीत गेला. मागं बायको अयोध्या, दिवस भरलेली. फाल्गुनात ती बाळंत झाली आणि त्यानंतर घराची झडती दोनदा झाली. तेव्हा म्हाळसाबाई शरणम्माकडं आली. या खेपेला तिनं वळणापुढं काय लागतं ते विचारलं नाही. ती म्हणाली, "शरणम्मा, सोनारीच्या वाटेवर एक दिवस लेकरू घेऊन बसता यील, कुणाला दिसायचं न्हाय, आन् पाणी असंल, अशी जागा तुझ्या वहीत हाय का गं?"

होती. तिनं पान काढून वाचून दाखवलं. अष्टमीला अयोध्या पहाटेच रानातून जाऊन तिथं दिवसभर बसणार, बलभीम पलीकडून येऊन तिला घेऊन जाणार, असं ठरलं.

आज अष्टमी होती.

*

मोहरीर वाचत होता. त्याचं वाचणं स्वच्छ होतं. स्वतःचं लिहिलेलं शरणम्मानं आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायची वेळ आली ती ही अशी.

"'नाल्याच्या वर खडकाळ माळ. तिथून चिंच दिसते, एकटी. चिंचेपासून चार माळा, सव्वीस मणी. उजव्या हाताला उतार. विहीर वाटेवरून दिसत नाही. पायऱ्या नऊ. पाणी गोड, पूजेला चालतं. पायरीवर बसलं की वारा खालून येतो.'" तो थांबला. मग जरा हळू आवाजात त्यानं पुढची ओळ वाचली. "'तो वारा अंगाला लागला की घरी काय काय राहिलंय ते आठवेनासं होतं.'"

"इमली?" अमीन उठला. त्यानं वर पाहिलं. "ये ही इमली?"

मोहरिरानं पान त्याच्यापुढं धरलं.

"ये आकडे कायके? कुठं काय छुपाके रक्खे, उसका हिशेब?"

"न्हाय साहेब," शरणम्मा पुढं झाली. तिनं पदर सावरला. "जपाच्या माळा हायती. चालताना जप करते. पाणी किती लांब, ते मोजते. पूजेला पाणी लागतं आम्हाला."

अमीन तिच्याकडं बघत राहिला. मग हसला. त्या हसण्यानं तिला जास्त भीती वाटली.

"ठीक. मोजून दाखव. आकडे झूटे निकले, तो ये हिशेब कुछ और है, तेरा मरद अंदर जाता. सच्चे निकले, तो किताब जमा. जितना पानी इसमें लिखा, हर पानी पे मेरा आदमी बैठता. चल."

कल्याणप्पाला चिंचेच्या मुळीवर बसवलं. त्याचा पटका कुणीतरी काढून घेतला होता. सव्वीस वर्षांत त्याचं उघडं डोकं उन्हात असं तिनं पाहिलं नव्हतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत काही सांगणं नव्हतं. त्याला विहिरीतलं माहीतच नव्हतं. शरणम्मानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात गाडीतून मल्लम्मा खाली उतरली. पासष्टीची, उंच, काठीसारखी सरळ बाई. "म्या बी येनार."

"तुम कायकू, बुढी?"

"सुनंला एकलीला परक्या बाप्याबरूबर धाडू? आमच्यात तसली रीत न्हाय, सायब."

अमीनानं हात झटकला. एक शिपाई बंदूक घेऊन मागं निघाला.

*

शरणम्मानं वहाणा काढल्या, माळ हातात घेतली. पहिला मणी ओढला. ॐ नमः शिवाय. दोन पावलं. दुसरा मणी.

अर्धी माळ झाली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपले पाय खरं चालतायत. अंगाला सवयच ती. असंच चालत राहिलं तर चार माळा आणि सव्वीस मण्यांना ती बरोब्बर करंजाच्या वळणावर उभी राहणार होती, उजव्या हाताला उतार, खाली नऊ पायऱ्या, आणि नवव्या पायरीवर अयोध्या, मांडीवर महिन्याचं लेकरू. प्रत्येक मण्याला विहीर दोन पावलं जवळ येत होती.

दोन-दोन मणी एकदम ओढावेत का? कुणाला कळणार होतं? पण तिच्या बोटाखालून नावाशिवाय एकही मणी आजवर सरकला नव्हता. सकाळी तळहातावर लिंग घेऊन हीच माळ ती जपायची. बोट मण्यापाशी अडलं आणि नाम घेऊनच पुढं सरकलं. दुसरं तिला जमेना. देवा, तिच्या मनात आलं, तूच काय ते कर, नाव मी खोटं घेणार नाही.

वाटेच्या कडेला बाभळीची एक वाळलेली फांदी पडली होती. पहिली माळ संपत आली होती. शरणम्मानं उजवं पाऊल उचललं आणि नीट बघून त्या फांदीवर ठेवलं.

काटा टाचेत शिरला तो मस्तकापर्यंत कळ गेली. ती वाकली, पण माळ थांबवली नाही. पुढचं पाऊल वीतभर पडलं. त्याच्या पुढचंही तेवढंच. ॐ नमः शिवाय. वीतभर, वीतभर. मणी.

"क्या हुआ?"

"काटा."

"निकाल."

"जप तुटतो, साहेब. मोजणं राहील."

अमीनानं कपाळाचा घाम पुसला आणि चल म्हणून खूण केली.

मल्लम्मा मागून येत होती. तिला या वाटेचा दगड न दगड ठाऊक होता. पुढं करंज आहे, खाली विहीर आहे, आणि आपली पूजा अजून व्हायची आहे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिनं ओरडून विचारलं, "अगं, अशी काय चालतीस? पाय तुटला का तुझा?"

शरणम्मानं मागं वळून पाहिलं नाही. ओठ जपात होते, उत्तर देता येत नव्हतं. फक्त माळेचा हात तिनं पाठीमागं नेला आणि बोटं हलवली, नको, नको. शिपायाला ते दिसलं का, कोण जाणे. मल्लम्मा गप्प झाली. या सुनेला तिनं पायात काटे घेऊन दोन-दोन कोस चालताना पाहिलं होतं. कधी हूं का चूं केलं नव्हतं. आज मुंगीच्या चालीनं चालत होती.

दुसरी माळ. तिसरी. ऊन डोक्यावर आलं. चौथी माळ संपली. एक, दोन, तीन... चोवीस, पंचवीस, सव्वीस.

शरणम्मा उभी राहिली. "हितं."

चारी बाजूंना नुसता माळ होता. काळा खडक, वाळलेलं कुसळ. करंजाचं वळण अजून तेवढंच लांब. अमीन उजवीकडं उतरला. पाच पावलं, दहा, वीस. बुटानं एक दगड उडवला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"कुआँ किधर है?"

तिनं हातातली माळ पुढं केली.

"मैं पूछा, कुआँ किधर? तो ये आकडे कायके हैं, बाई?"

आणि त्याच वेळी वळणापलीकडून बारीकसा आवाज आला. टिटवी ओरडली असंही कुणाला वाटलं असतं. शरणम्माला वाटलं नाही. शिपायानं मान वळवली.

"बघा सायब, बघा!" मल्लम्मा अशी काही कडाडली की शिपाई दचकला. छाती बडवत ती मधेच येऊन उभी राहिली. "सव्वीस वर्सं म्या ह्येच भोगतीया! भाकरी जाळती, कालवण करपवती, आन् आकडे ल्हिती! अवो, हिला घरातल्या रांजणात पाणी किती ते ठावं नसतं, आन् ही रानातलं पाणी मोजती! गेल्या साली मला म्हनली, आत्याबाई, वहीत ल्हिलंय, म्होरं लिंबाची गार सावली हाय. तंगडत तंगडत गेले. लिंब न्हाय, काय न्हाय, उन्हात एक गाढव हुबं! म्हनलं, ह्येच्या सावलीला बसू का गं, भवाने?"

शिपाई फस्सकन हसला. आवाज पुन्हा आला की नाही, कुणाला ऐकू आलं नाही, कारण मल्लम्मा थांबतच नव्हती. "हिच्या बानं अक्षरं शिकवली, रांधायचं शिकवाया इसरला. चार मानसांत इज्जत गेली माझी. घाला हिला आत! न्हाईतर मला तरी घाला, तितं तरी करपल्याली भाकरी मिळायची न्हाय!"

अमीनाचे ओठ हलले. पण तो शरणम्माकडं वळला. "क्यों बाई? सास सच बोलती? ग़लत लिखा?"

सगळं आता तिच्या तोंडावर येऊन थांबलं होतं. वहीत आजवर एक आकडा तिनं अंदाजानं घातला नव्हता. पाऊस असो, ताप असो, चालून मोजल्याशिवाय ओळ लिहिली नव्हती. एवढी एकच गोष्ट तिची म्हणावी अशी होती.

"व्हय साहेब," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी आलं, ते काही मुद्दाम आणलेलं नव्हतं. "मी मनानंच लिहिते. गेलेली बी नसते कुठं कुठं. बसल्या जागी सुचंल ते."

"पागल," अमीन म्हणाला. टोपी काढून त्यानं वारा घेतला आणि तो माघारी वळला.

नाक्यावर आले तेव्हा मोहरीर दहा-बारा पानं पुढं गेला होता. मोठ्यानं वाचत होता, आणि उघड्या डोक्याचा कल्याणप्पा मान खाली घालून ऐकत होता. अमीनानं वही देऊन टाकायला सांगितलं. मोहरिरानं ती फडक्यात बांधली आणि शरणम्माच्या हातात देताना हळूच म्हणाला, "बालाघाटाचं अर्ध्यावर सोडलंय, बाई. पुरं करा."

*

गाडी निघाली. करंजाचं वळण आलं, तेव्हा कल्याणप्पानं सवयीनं कासरा ओढला. "चल, हुबा राहू नगं," मल्लम्मा म्हणाली. तिनं उजवीकडं पाहिलंही नाही. बरंच पुढं आल्यावर विचारलं, "कोन हाय तितं?"

"अयोध्या. बाळ घेऊन."

कल्याणप्पानं गर्रकन मागं पाहिलं. मल्लम्मानं बटव्यातून सुई काढली. मग तिनं सुनेचा पाय मांडीवर ओढून घेतला आणि काटा काढायला लागली. "पानी गोड हाय तिथलं," ती म्हणाली. "लेकराला बाधायचं न्हाय." काटा निघाल्यावर तो तिनं उन्हात धरून बघितला. "आन् ते गाढवाचं खोटं हाय. ल्हिऊ नगंस."

त्या दिवशी सोनारीला पोचून पूजा होईपर्यंत तिघांनाही अन्न नव्हतं.

चार दिवसांनी म्हाळसाबाईकडं निरोप आला, पोचले म्हणून. ती शरणम्माच्या गळ्यात पडून रडली. पण शरणम्मानं वही उघडली नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. वाक्य सुचायचं, हात पिठात असायचे, आणि हात धुवायची तिला घाई नसायची. मी मनानंच लिहिते, हे तिचेच शब्द तिच्या कानात बसले होते. भाकरी एकही जळत नव्हती. मल्लम्मा रोज ती भाकरी उलटीपालटी करून बघायची आणि काही न बोलता खायची.

भाद्रपदात निजामी राज्य गेलं. मार्गशीर्षात गाडी पुन्हा त्या वाटेला लागली. चिंचेला दोराचा वळ तेवढा उरला होता.

"थांबीव," मल्लम्मा म्हणाली. खाली उतरून तिनं वहाणा काढल्या. "माळ दे हिकडं."

"काय करता, आत्याबाई?"

"मोजती. तू आपली चाल मागनं. बोलू नगंस, जप तुटंल."

उंच, सरळ म्हातारी पुढं चालू लागली. ओठ हलत होते. शरणम्मा मागं. तिनं मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बोटं पदराआड आपोआप हलत होती. पहिली माळ, दुसरी, तिसरी, चौथी. करंज आला. मल्लम्मा वळणावर थांबली, खाली वाकून विहिरीकडं बघितलं, मग हातातल्या माळेकडं.

"एकोनीस," ती म्हणाली. "चार माळा, एकोनीस मनी. सात कमी भरले. चुकलंय तुझं."

"चुकलं न्हाय," शरणम्मा एकदम बोलली. आवाज असा चढला की तिचं तिलाच नवल वाटलं. "तुमचं पाऊल लांब पडतं, आत्याबाई. माझ्या पावलानं सव्वीसच."

"मग ल्ही की तसं! सगळ्या बाया काय तुझ्यावानी तुरुतुरु चालत्यात व्हय?" मल्लम्मा पायऱ्या उतरू लागली होती. "आन् ल्हिऊन झालं की पानी वर आन. पूजा खोळंबलीया माझी."

शरणम्मानं गाडीतली पेटी उघडली. हात तळापर्यंत घातला.